पन्नास गुणांचा पेपर, आणि चढण्याला शून्य

मागच्या रविवारी मी इथे एक पोस्ट टाकली होती. पुण्यात चार प्रकारची बिअर चाखली, प्रत्येकीला गुण दिले आणि गुणांच्या कागदाचा फोटो टाकला. बस, एवढंच.

पुढचे चार दिवस काय झालं ते तुम्ही बघितलंच. "अण्णांच्या जिल्ह्यातला पत्रकार दारूचा प्रचार करतो." "पाकीट केवढं मिळालं?" "वीस वर्षं लिहून शेवटी हेच?" ज्यांच्या घरात दोन परमिट रूमची लायसन्सं आहेत, त्या एका साहेबांनीही "समाजाला काय संदेश देताय?" असं विचारलं. साहेब, तुमचा प्रश्न मी जपून ठेवलाय. खाली येतोच त्याच्याकडे.

आणि एका ताईंनी इनबॉक्समध्ये दोनच ओळी लिहिल्या. बाकी सगळ्या शिव्या मी पचवल्या, त्या दोन ओळी पचल्या नाहीत. त्याही खाली सांगतो.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी, नेमकं काय केलं ते.

पुतण्याच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो होतो. सोबत राहुरीचे दोन जुने मित्र. एक शेतकरी, एक शाळेत मास्तर. संध्याकाळी आम्ही तिघं एका मायक्रोब्रुअरीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मायक्रोब्रुअरी म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच ताजी विकतात ती जागा. महाराष्ट्रातली पहिली पुण्यातच, २००९ साली डूलाली नावाने सुरू झाली. मग बऱ्याच आल्या. ग्रेट स्टेट नावाच्या एका पुणेरी ब्रुअरीने तर आपला आंबेमोहर तांदूळ घालून बिअर केली. पिरंगुटला मूनशाईनवाले मधापासून मीड बनवतात. आम्ही गेलो ती जागा यातली की दुसरीच, ते सांगणार नाही. दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, त्यात दारूच्या जाहिरातीला मनाई आहे, आणि मला कुणाची जाहिरात करायचीही नाही. बिल आमचं आम्ही भरलं.

तिथे लाकडी पट्टीवर शंभर-शंभर मिलीचे चार छोटे ग्लास देतात. तेच घेतले. जेवलो. परत एसटीने आलो.

आता तो कागद, ज्याचा फोटो बघून तुम्ही चिडलात.

बिअरच्या स्पर्धा होतात, त्यात पंच असतात. अमेरिकेत १९८५ पासून बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम नावाची संस्था हे पंच तयार करते. त्यांचा गुणांचा कागद जगभर वापरतात, तोच आम्ही वापरला. एकूण गुण ५०. वासाला १२. रूपाला, म्हणजे रंग, फेस, स्वच्छ आहे का गढूळ, याला ३. चवीला २०. तोंडात कशी लागते, पातळ का जड, फसफस किती, याला ५. सगळं मिळून मत काय, त्याला १०.

परत वाचा आणि मला सांगा, यात "चढते किती" याला कुठे गुण आहेत?

नाहीत. शून्य. अल्कोहोलची जळजळ घशाला जाणवली तर तोंडाच्या त्या पाच गुणांत तिची नोंद होते, आणि साध्या बिअरमध्ये जाणवली तर तो दोष धरतात, गुण कापतात. पन्नास गुणांचा पेपर आहे आणि त्यात किकवर एकही प्रश्न नाही. आता आपल्याकडच्या कुठल्याही ढाब्यावर जा. पेपरात एकच प्रश्न आहे, आणि तो फक्त किकचाच आहे.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. बाकी पोस्ट म्हणजे तिचा पुरावा.

आमचे गुण सांगतो, म्हणजे चाखणं म्हणजे काय ते कळेल. पहिली गव्हाची बिअर. गढूळ, वर जाड फेस, वास चक्क केळ्याचा आणि लवंगेचा. आत केळंही नाही, लवंगही नाही, तो सगळा उद्योग यीस्टचा. मास्तर म्हणाले, "म्हणजे इडलीच्या पिठासारखंच की, आंबवणारा जसा तशी चव." ३६ गुण. दुसरी काळी, जास्त भाजलेल्या माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. शेतकरी मित्राने वास घेतला, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाजरीची भाकरी तव्यावर जरा करपली की तिचा पापुद्रा लागतो ना, तसंच आहे." लंडनच्या पंचालाही हे सुचलं नसतं. ३९ गुण. तिसरी हॉप्सवाली, कडू. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, बिअरचा कडवटपणा आणि बराचसा सुगंध त्यांचा. इथे आमचं भांडण झालं. मास्तरांनी २४ दिले, मी ३५. सरासरी काढून मिटवलं. चौथी कोकमाची. तिला २१. कोकम सरबतात सोडा घातल्यासारखी होती, कोकणातल्या कुठल्याही काकूने यापेक्षा बरं केलं असतं.

या सगळ्याला दीड तास लागला. प्रत्येकाच्या पोटात चारशे मिली गेलं. दीड तास आम्ही वासावर, चवीवर, भाकरीवर, आंब्याच्या मोहरावर बोललो. कुणी रडलं नाही, कुणी उठून बायकोला फोन लावला नाही, कुणी "तू माझा भाऊ आहेस" म्हणून गळ्यात पडलं नाही.

घरी आल्यावर आणखी एक प्रयोग केला. तो मागच्या पोस्टमध्ये नव्हता. नेहमीची, सगळीकडे मिळते ती एक स्ट्राँग बिअर आमच्या तालुक्यातल्या दोन वेगवेगळ्या बिअर शॉपीतून आणली. कंपनी तीच, किंमत तीच. नाव देत नाही. फरक एवढाच की एका दुकानात क्रेट पत्र्याच्या शेडखाली उन्हात होते आणि दुसऱ्यात आत सावलीला. दोन्ही सारख्याच गार केल्या, काचेच्या ग्लासात ओतल्या, कुठली कुठली ते मास्तरांनी लपवून ठेवलं.

सावलीतलीला २४ गुण. उन्हातलीला १३. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. बिअर जुनी झाली, हवेने आणि उष्णतेने बिघडली की हाच वास येतो. उजेडाने आणखी वेगळी घाण सुटते, म्हणून तर बाटली तपकिरी असते. बाटलीवर तारीख होती, पण इतकी पुसट की मोबाईलची बॅटरी लावून, चष्मा कपाळावर सरकवून वाचावी लागली.

आता विचार करा. बटाट्याची पिशवी कुजकी निघाली तर आपण आडत्याच्या दारात जाऊन तमाशा करतो. दूध नासकं निघालं तर डेअरीवाल्याला फोन. पण आपल्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं उन्हात शिजलेली बिअर विकली जाते आणि कुणीही, कुणीही तक्रार करत नाही. का? कारण ती कुणी चाखतच नाही. "एकदम चिल्ड दे" म्हणायचं, बर्फासारखी गार करून घ्यायची म्हणजे जीभ बधिर, आणि चखण्याबरोबर घशाखाली ढकलायची. जीभ बधिर झाली की पुठ्ठा काय आणि मोहर काय, सारखंच.

बिअर शॉपीच्या काउंटरवर अर्धा तास उभे राहा. मी राहिलोय. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. "कितीची?" आणि "कडक कुठली?" काही जण तर बाटली फिरवून टक्केवारी वाचतात. अख्ख्या लेबलवर मराठी माणूस वाचतो तो एवढाच आकडा, आणि तोही उलटा वाचतो. जिथे सावध व्हायचं, तिथे खूश होतो.

म्हणून आता जरा गणित. हे कागदावर करून बघा.

आपल्याकडे नियमाप्रमाणे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी, म्हणजे माइल्ड. त्याच्या वर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली घ्या. शुद्ध अल्कोहोल किती? ५२ मिली. व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग ४२.८ टक्क्यांचा. त्यात शुद्ध अल्कोहोल २५.७ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज पेग. दोन बाटल्या म्हणजे अख्खी क्वार्टर आणि वर आणखी एक लार्ज पेग.

आणि आपल्याकडे वाक्य काय आहे? "बिअर म्हणजे काय दारू असते का राव!"

हे वाक्य माझा एक मित्र रोज म्हणायचा. नाव लिहीत नाही, त्याची पोरं आता मोठी आहेत, ती ही पोस्ट वाचतील. आम्ही डिप्लोमा एकत्र केला. एकाच खोलीत राहिलो, एकाच पेपरात लागलो. त्याने आयुष्यात व्हिस्कीला हात लावला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. "आपण दारू पीत नाय, फक्त बिअर." रोज संध्याकाळी तीन बाटल्या, स्ट्राँग. वरचं गणित वापरा: रोज सहा लार्ज पेग. बारा वर्षं. लिव्हर गेलं तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दारू किती?" तर हा म्हणाला, "अजिबात नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो ४१ व्या वर्षी गेला.

त्याच्या बाराव्याला मी विचार करत होतो, की या पत्रकाराला, रोज बातमीत आकडे तपासणाऱ्या माणसाला, हे एक साधं गणित कुणीच कसं सांगितलं नाही? मीसुद्धा नाही. मीही शेजारीच बसलेलो असायचो.

तर ज्यांनी मला विचारलं की बिअरला गुण देऊन काय मिळवलंस, त्यांना हे माझं उत्तर. ज्याला चवीचे गुण द्यायचे असतात, त्याला तिसऱ्या ग्लासाच्या पुढे जाता येत नाही, कारण जीभ साथ देत नाही. आणि ज्याला फक्त चढवायची असते त्याला थांबायचं कारणच नसतं.

आता साहेबांचा प्रश्न. "समाजाला काय संदेश देताय?"

साहेब, बिअरला गुण देणारा मी एकटा नाही. सरकारही गुण देतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने एक अभ्यासगट नेमला. कशासाठी? तर उत्पादन शुल्क वाढल्याने बिअरची विक्री घटली आणि महसूल बुडतोय, त्यावर उपाय शोधायला. पिणाऱ्यांच्या पोटात काय चाललंय, यासाठी नाही हो. तिजोरीत काय कमी पडतंय, यासाठी. मग जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. धान्यापासूनच्या मद्याचा "महाराष्ट्र मेड लिकर" नावाचा नवा वर्ग काढला. १८० मिलीच्या किमान किमती ठरल्या: देशी ८० रुपये, हा नवा प्रकार १४८, विदेशी २०५. सरकारचा कागदही एकाच प्रश्नाचा आहे. तिथे प्रश्न आहे "किती भरते?" म्हणजे पिणारा विचारतो किती चढते आणि सरकार विचारतं किती भरते. काय आहे, कसं आहे, किती दिवसांचं आहे, हे कुणीच विचारत नाही.

आणि "अण्णांचा जिल्हा" म्हणता, ते खरंच आहे. राळेगणसिद्धीने दारू हटवली तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेतही नव्हते. मला त्याचा अभिमान आहे. पण हा जिल्हा मळीचाही आहे, ते का विसरता? सहकारी साखर कारखानदारी प्रवरानगरला उभी राहिली. कारखाना आला की मळी आली, मळी आली की डिस्टिलरी आली. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची कंपनी १९३३ साली साखर कारखाना म्हणून सुरू झाली, आज तिची मॅन्शन हाऊस ब्रँडी देशभर जाते. २०२५ मध्ये तिने इम्पीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड ४,१५० कोटींना घेण्याचा करार जाहीर केला. कायदेशीर धंदा आहे, हजारो घरं त्यावर चालतात, माझं काही म्हणणं नाही. बिअरचंही तसंच. ती नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, आणि शेजारी वाळूजला बिअरचे मोठे कारखाने जायकवाडीच्या पाण्यावर चालतात. त्याच जायकवाडीसाठी आपल्या मुळा-भंडारदऱ्यातून पाणी सोडायची वेळ आली की आपण रस्त्यावर उतरतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्क्यांनी कापायला सांगावं लागलं होतं.

म्हणजे ऊस आपला, मळी आपली, पाणी आपलं, पिणारेही आपले. फक्त त्यावर बोलायचं नाही. बोललं की संस्कृती बुडते. सकाळी डिस्टिलरीच्या बोर्ड मीटिंगला आणि संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाला दीपप्रज्वलन करायला एकच माणूस जातो, तेव्हा मात्र ती बुडत नाही.

ज्यांना गप्प बसणं सोयीचं आहे त्यांची नावं घ्यायची गरज नाही. एवढंच आठवा. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेची निवडणूक, पांगरमल. निवडणुकीच्या पार्टीत फुकट वाटलेली बनावट दारू पिऊन माणसं मेली. तपासाचा धागा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत गेला. जिथे माणसं वाचवायची, तिथेच. मी हे आठवतोय म्हणून कुणी म्हणेल, मग तुझी ती वास घ्यायची विद्या तिथे कामी आली असती का? नसती. विषारी मिथेनॉल वासाने ओळखू येत नाही, कुणीही तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका. पण फुकट आहे आणि चढते, एवढ्यावर समोरचा ग्लास उचलायची जी सवय आहे, त्या सवयीवर आपल्या निवडणुका चालतात. ती सवय आम्ही तुम्ही सगळ्यांनी, न बोलून, पोसलीय.

आता त्या ताई.

त्यांनी लिहिलं होतं: "भाऊ, तुमच्या कागदात वासाला १२ गुण आहेत. माझ्या घरात रोज रात्री वास येतो. त्याला किती द्यायचे?"

दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही. आताही पूर्ण सुचलंय असं नाही.

ताई, तुमच्या समोर माझा कागद फाडून टाकावा असं पहिल्यांदा वाटलं. पुण्याच्या त्या जागेत एका मोठ्या ग्लासाची किंमत चारशेच्या घरात होती. तुमच्या घरातला वास ८० रुपयांच्या क्वार्टरचा आहे. माझ्या पुणेरी बिअरने तो जाणार नाही. मायक्रोब्रुअरी राहुरीत आली म्हणून तुमचा नवरा केळ्याचा आणि लवंगेचा वास घेत बसणार नाही. हे मला कळतं. ज्याला रोगासारखी दारू लागलीय, त्याच्यासाठी चाखणं वगैरे नसतं. त्याच्यासाठी बंद करणं आणि उपचार, एवढंच असतं. तिथे माझी पोस्ट लागू नाही, आणि तसं मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, ही माझी चूक.

आणि या क्राफ्टवाल्यांचंही मला सगळं पटतं असं नाही. तिथे शेजारच्या टेबलावर पोरं घोट घ्यायच्या आधी फोटो घेत होती आणि घोट घ्यायच्या आधीच मोबाईलवर पाच तारे देत होती. ढाब्यावरचा टक्के बघतो, हे तारे बघतात. जीभ दोघांचीही सुट्टीवर. शिवाय "लोकल, लोकल" म्हणून छाती फुगवतात, पण जव बहुतेक बाहेरचे आणि हॉप्स तर परदेशातून आलेले. एका बिअरमध्ये आंबेमोहर घातला, चांगलं केलं. मग आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाची बाजरी, फुले आदिशक्ती, फुले महाशक्ती, पाथर्डी-पारनेरच्या माळावर पिकते, तिला कधी विचारणार? २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून आख्ख्या जगाने साजरं केलं. आमच्या शेतकरी मित्राने तिथल्या पोराला सरळ विचारलं, "बाजरीची करता का?" पोरगा म्हणाला, "अजून नाही काका." मित्र म्हणाला, "करा. दोन पोती मी देतो. पण भाव बाजार समितीचा नाही, तुमच्या मेनूकार्डाचा लावा."

तर ताई, तुमचा कागद वेगळा आहे आणि तो माझ्या कागदाच्या वर आहे. तुमच्या हातात कायद्याने एक मत दिलंय, आडव्या बाटलीचं. गावातल्या महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. निघोजच्या बायकांनी ती लढाई लढून दाखवलीय. फक्त त्यातली मेख सांगतो: ही निम्मी मतं झालेल्या मतदानातली नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांची. ज्या बाई ऊसतोडीला गेल्या, ज्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, ज्या नवऱ्याच्या धाकाने घरातून निघाल्याच नाहीत, त्या सगळ्यांची मतं न देताच दारूच्या बाजूने धरली जातात. हाच नियम आमदारकीला लावला तर विधानसभेत किती जण उरतील? तुमच्या गावात असं मतदान लागलं तर मला फोन करा. कॅमेरा घेऊन सकाळी सातला केंद्रावर असेन.

आता मला काय हवंय ते मुद्द्यात सांगतो, म्हणजे "नुसती टीका करतो" असं कुणी म्हणायला नको.

१. बिअर असो, ब्रँडी असो, देशी असो, प्रत्येक बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: "या बाटलीत शुद्ध अल्कोहोल इतके मिली." टक्के नकोत, मिली लिहा. टक्के वाचून आपला माणूस फसतो. स्ट्राँग बाटलीवर "५२ मिली, म्हणजे दोन लार्ज पेग" एवढं छापलेलं असतं तर माझा मित्र ते एकदा तरी वाचून थबकला असता.

२. तारीख अशी छापा की चाळिशीतल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल. आणि बिअर शॉपीत माल उन्हात दिसला तर कारवाई करा. लायसन्स तपासायला येता, तेव्हा शेडखाली पण एक नजर टाका.

३. शुल्क अल्कोहोलच्या प्रमाणात लावा. जितकं जास्त अल्कोहोल तितका जास्त कर, हे शेंबड्या पोरालाही कळेल असं ठेवा. आज कमी पैशात जास्त चढणारं काय, हा हिशोब करूनच माणूस दुकानात जातो. तो हिशोब उलटा फिरवा.

४. आडव्या बाटलीची मोजणी झालेल्या मतदानावर करा.

यातलं एकही दारू वाढवणारं नाही. आणि एकही माझ्या फायद्याचं नाही. परमिट रूमवाल्या साहेबांनी यातल्या कुठल्या मुद्द्याला पाठिंबा आहे ते कमेंटमध्ये लिहावं. वाट बघतो.

गुण मात्र मी देत राहणार. नियम सांगतो, तुम्हीच साक्षीदार. फुकट घेणार नाही. बिल मी भरणार. छोटा ग्लास, चारच्या वर नाही. गाडी चालवणार नाही. वाईट असेल तर वाईट म्हणणार. २१ च्या खालच्या पोरांनी माझ्या पोस्टपासून लांब राहायचं, आणि कडक दारूला तर कायद्यानेच २५ लागतात, हेही लक्षात ठेवायचं. ज्यांनी सोडलीय त्यांना माझा नमस्कार, तुमच्यासमोर मी कधी ग्लास धरणार नाही. जे कधीच पीत नाहीत त्यांनी सुरू करायचं काहीही कारण नाही.

आणि ताईंमुळे कागदात एक ओळ वाढवलीय. पन्नास गुणांच्या खाली वेगळे दहा गुण: "घरी कसा आला." हे गुण पिणाऱ्याने द्यायचे नाहीत, घरच्यांनी द्यायचे. यात नापास झाला तर वरचे पन्नासच्या पन्नास रद्द.

पुण्याहून आलो त्या रात्रीसाठी मी बायकोकडे कागद दिला. तिने आठ दिले. विचारलं, दोन का कापले? म्हणाली, "साखरपुड्यातून न सांगता निघालात, नणंदबाई मला विचारत होत्या."

बरोबर आहे. मान्य.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी उत्तर देईन. फक्त आई-बहिणीवर जाऊ नका. आणि तुमच्या गावातल्या बिअर शॉपीत क्रेट उन्हात ठेवलेले दिसले तर फोटो पाठवा. पुढची पोस्ट त्यावरच.